एकाच मस्टरवरची दोन नावे : कार्यालयात जुळलेले नाते कसे हाताळावे

सोलापुरात बहुतेकांची नोकरी लहान ठिकाणी असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, गणवेश शिवणारे युनिट, खासगी रुग्णालय, पतसंस्था, गाड्यांचे शोरूम अशा ठिकाणी माणसे पंधरा ते साठ असतात, मालक सगळ्यांना नावाने ओळखतो आणि निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरचेही त्याच्या ओळखीचे असतात. तिथे दोन सहकाऱ्यांचे सूत जुळले, की संध्याकाळी ‘सात रस्ता’ चौकात कोणीतरी पाहिलेली गोष्ट रात्रीच्या जेवणापर्यंत जुळे सोलापुरातल्या मावशीच्या घरी पोचलेली असते. मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात, कारण तिथे स्वतंत्र एचआर विभाग असतो, बदली करायला दुसरी शाखा असते आणि घर व नोकरी यांच्यात पुरेसे अंतर असते. आपल्याकडे यांपैकी काहीच नसते, म्हणून आपल्या मापाची पद्धत आपणच बसवावी लागते.

मी बावीस वर्षे प्रशासनाचे काम केले, आधी एका रुग्णालयात आणि नंतर शिलाईच्या युनिटमध्ये. या काळात अशी अनेक नाती जुळताना, लग्नापर्यंत जाताना आणि मोडताना जवळून पाहिली. त्यातून एक कसोटी माझ्या हाती लागली आणि पुढचे सारे लिहिणे तिच्याच आधाराने आहे. हे नाते उघड झाले किंवा मोडले, तर दोघांपैकी नोकरी कोणाची जाईल, हा प्रश्न आधी विचारावा. आणि ज्याची नोकरी जाणार नाही, त्याने जबाबदारीचा मोठा वाटा उचलावा. बहुतेक वेळा नोकरी मुलीची जाते. तिची चूक असते म्हणून नव्हे. तिचा पगार कमी असतो, तिची खुर्ची भरायला सोपी असते आणि तिच्या घरचे तिला लवकर घरी बसवतात, म्हणून.

विचारण्याआधी

मनातले बोलून दाखवण्यात गैर काही नाही. ते कसे, कोठे आणि किती वेळा बोलावे, यात मात्र मर्यादा आहे. एकदाच आणि स्पष्ट शब्दांत विचारावे, कामाच्या जागेबाहेर विचारावे, आणि नकार दिला तरी उद्या त्याच टेबलावर येऊन बसण्याची समोरच्या व्यक्तीला धास्ती वाटणार नाही अशा रीतीने विचारावे. पाळी संपल्यावर रिकाम्या स्टोअररूममध्ये, रात्रपाळीला नर्सिंग स्टेशनवर किंवा घरी सोडायला निघालेल्या गाडीत विचारले, तर ‘हो’ला अर्थ उरत नाही, कारण ‘नाही’ म्हणायला तिथे जागाच नसते. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नंबर घेऊन रात्री संदेश पाठवणेही त्यातच मोडते, कारण तो नंबर तिने कामासाठी दिलेला असतो.

‘बघू’, ‘आत्ता नको’, ‘घरी चालणार नाही’ ही आपल्याकडची नकार देण्याची रीत आहे. तोंडावर नाही म्हणणे जड जाते, म्हणून माणसे असे बोलतात. त्याला आशा समजून पुन्हा पुन्हा विचारणे, सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर थांबणे, ती किती वाजता ऑनलाइन होती याचा हिशेब ठेवणे हे प्रेमाच्या हद्दीबाहेरचे वागणे आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा ठरतो आणि पहिल्याच वेळी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक वरचा, एक खालचा

बरोबरीच्या दोघांचे नाते हाताळणे फारसे अवघड नसते. खरा पेच येतो तो एकाच्या हातात दुसऱ्याची रजा, पगारवाढ, पाळी किंवा कामाचे वाटप असते तेव्हा.

शिलाई युनिटमधले उदाहरण सांगते, कारण बाहेरच्याला ते चटकन दिसत नाही. तिथे मजुरी नगावर असते. सकाळी सुपरवायझर बंडले वाटतो. सरळ शिलाईचे बंडल ज्या मशीनवर पडते, तिथली बाई दिवसाअखेर जास्त नग काढते. कॉलर किंवा खिशाचे बंडल आले, की तेवढ्याच वेळात नग कमी निघतात. सुपरवायझरचे एका मुलीशी जमले आणि तिच्या मशीनवर आठवड्यातून चार दिवस सरळ शिलाई येऊ लागली, तर ओळीतल्या बाकीच्या बायका काही बोलणार नाहीत. पण शनिवारी मजुरीचे पाकीट उघडल्यावर हिशेब त्यांना बरोबर कळतो. त्याने मुद्दाम केले की आपसूक झाले, हा प्रश्न तिथे गौण असतो. आणि पुढे त्यांचे बिनसले व कॉलरची बंडले तिच्या वाट्याला येऊ लागली, तर ती कोणाकडे दाद मागणार?

म्हणून वरिष्ठाने स्वतः पुढाकार घेऊ नये, हे उत्तम. दोघांचे मन खरोखर जुळलेच असेल, तर पुढचे पाऊल टाकण्याआधी वरिष्ठाने मालकाकडे किंवा व्यवस्थापकाकडे जाऊन, ‘यापुढे तिचे काम, रजा आणि मूल्यमापन माझ्याकडे नको, दुसऱ्याकडे द्या’ असे सांगावे आणि ते लेखी करून घ्यावे. दुसरा वरिष्ठच नसेल, तर हे अधिकार मालकाने तेवढ्यापुरते स्वतःकडे घ्यावेत. वीस माणसांच्या कारखान्यात हे सहज जमते. जागा बदलायचीच असेल, तर ती वरिष्ठाची बदलावी.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. रुग्णालयात असताना एका विभागप्रमुखाचे आणि तेथील नोंदणी काउंटरवरच्या मुलीचे नाते उघड झाले. व्यवस्थापनाने मला ‘शांतपणे मार्ग काढा’ असे सांगितले. त्या काळी मला जो मार्ग सरळ वाटला तो मी काढला : पेन्सिलने आखलेल्या ड्युटी चार्टमध्ये मुलीचे नाव खोडून तिला दुसऱ्या इमारतीतल्या रेकॉर्ड रूममध्ये टाकले आणि चार्ट शाईने पक्का केला. तिच्याशी आधी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नेहमीच्या टेबलावर येऊन बसली आणि तिने डबा उघडला, तेव्हा समोरच्या दोघी ‘आमचं झालं’ म्हणत अर्धी भाकरी डब्यात ठेवून उठल्या. बदलीने सगळ्यांना सांगून टाकले होते की दोष तिचा आहे. महिन्याभरात तिने राजीनामा दिला. विभागप्रमुख त्याच खुर्चीत राहिले, कारण त्यांना हलवणे कोणालाच सोयीचे नव्हते. अधिकार त्यांच्या हातात होता, जोखीम त्यांनी पत्करली होती आणि किंमत तिने मोजली. ती तिच्याकडून वसूल करणारा हात माझा होता.

कोणाला सांगावे, किती सांगावे

नाते पहिल्या चार-आठ दिवसांचे असेल, तर ते कोणालाही सांगण्याची गरज नाही. दोघांचे ठरले आहे आणि त्याचा कामाशी कोठे ना कोठे संबंध येतो, असे दिसले की मात्र एका व्यक्तीला सांगावे. ती व्यक्ती निर्णय घेऊ शकणारी असावी : मालक, व्यवस्थापक किंवा प्रशासन पाहणारी बाई. जवळच्या मैत्रिणीला सांगणे हे मन हलके करणे झाले. त्याने कामाचा प्रश्न सुटत नाही आणि बातमी मात्र बाहेर पडते. सांगायला दोघांनी मिळून जावे. एकट्याने जाऊन सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात दुसऱ्याविषयी शंका राहते.

सांगण्याला चार वाक्ये पुरतात. ‘आम्ही दोघे एकमेकांना पसंत केले आहे. आमच्या कामावर याचा परिणाम होऊ देणार नाही. कॅश आणि बिल मंजुरी या दोन कामांवर आम्ही दोघे एकाच वेळी नसू असे पाहावे. ही माहिती आपल्यापुरती ठेवावी.’ लग्न कधी करणार, घरच्यांना ठाऊक आहे का, जात-धर्म कोणता, हे विचारण्याचा मालकाला अधिकार नाही आणि ते सांगण्याचे बंधन या दोघांवर नाही. दोघी स्त्रिया किंवा दोघे पुरुष असतील, तर उघड होण्याची जोखीम कितीतरी पटींनी वाढते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले असले, तरी सोलापुरातल्या कॅन्टीनला ते ठाऊक असेलच असे नाही. अशा जोडीकडून नाते सांगण्याची अपेक्षा धरू नये. कामाचे हितसंबंध वेगळे करण्याची विनंती, कारण न सांगता, मान्य व्हावी.

मालकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच टप्प्यावर येते. मुलीच्या वडिलांना फोन करू नका. आपल्याकडे हे सर्रास होते आणि ते वाईट हेतूने होते असेही नाही. ‘माझ्या मुलीसारखी आहे, उद्या काही झालं तर तिच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?’ असे मालक मनापासून म्हणतो. पण सोलापुरात एकाच जेवणाच्या टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसे बसतात. तिथे जुळलेले नाते पुष्कळदा जातीच्या, भाषेच्या किंवा धर्माच्या रेषेपलीकडचे असते. त्या एका फोनने मुलीची नोकरी त्याच रात्री सुटते, मोबाइल काढून घेतला जातो आणि कधी याहून भयंकर घडते. ती प्रौढ आहे. आपल्या पसंतीने लग्न करण्याचा प्रौढ व्यक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या लता सिंह प्रकरणात स्पष्ट मान्य केला आहे, आणि 2018 मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष असावेत असे निर्देश दिले आहेत. मालकाला काळजी असेलच, तर ती त्याने तिलाच विचारावी : ‘घरून काही त्रास होण्याची भीती आहे का? कामावर येण्या-जाण्याच्या वेळा बदलून हव्यात का?’

विशेष विवाह अधिनियम, 1954 खाली लग्न करायचे असेल, तर दोघांपैकी एकाचे किमान तीस दिवसांचे वास्तव्य ज्या जिल्ह्यात आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती त्याच्या कार्यालयात लावली जाते आणि आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत असते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. ही मुदत जोडप्यासाठी सर्वांत नाजूक असते. त्या काळातल्या रजेचे कारण मस्टरवर किंवा फळ्यावर ‘वैयक्तिक’ एवढेच लिहावे आणि साक्षीदार कार्यालयातून न्यायचे असतील, तर तोंड बंद ठेवणारेच न्यावेत.

रोजचे काम

दोघांच्या नात्याने काम बिघडते ते बहुधा पैशाच्या आणि वेळापत्रकाच्या जागी. पतसंस्थेत एकाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने ते मंजूर करायचे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायच्या, ही पद्धत एकमेकांवर नजर राहावी म्हणून असते. त्या दोन खुर्च्यांवर प्रेमातले किंवा लग्न झालेले दोघे बसले, तर माणसे कितीही प्रामाणिक असली तरी पद्धतीचा हेतू संपतो, आणि पुढे दहा रुपयांचा फरक आला तरी संशय त्यांच्यावरच येतो. म्हणजे किल्ल्या वेगळ्या करणे त्या दोघांच्याही हिताचे आहे. हे त्यांना तसेच समजावून सांगावे. खरेदी आणि बिल मंजुरी, स्टोअर आणि स्टॉक तपासणी, हजेरी आणि पगारपत्रक या जोड्यांनाही हेच लागू होते.

रजेचे म्हणाल, तर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. दोघांनी एकाच वेळी मागितली आणि इतरांच्या आधी मिळाली, की कुरकुर सुरू होते. रजेचा क्रम भिंतीवर लावला, की हा प्रश्न उरत नाही.

कामाच्या वेळेत एकमेकांना ‘सर’, ‘मॅडम’ किंवा जे काय इतरांसमोर म्हणत होतो तेच म्हणावे. भांडण झाले असेल, तर ते पार्किंगमध्येही आणू नये. आणि एकमेकांची बाजू मीटिंगमध्ये घेण्याची घाई टाळावी; तिच्या कामावर टीका झाली तर तिला उत्तर देता येते, त्याने मध्ये पडण्याचे कारण नसते.

सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की ‘लफडे’, ‘भानगड’, ‘प्रकरण’ हे शब्द वापरणे सोडावे. आपल्या भाषेत या गोष्टीला सहज वापरता येईल असा साधा, स्वच्छ शब्द कार्यालयात रुळलेलाच नाही आणि त्यामुळे बोलायला सुरुवात होते तीच आरोपाने. ‘त्या दोघांचे जमले आहे’ हे म्हणणे पुरेसे आहे, आणि तेही त्यांनी सांगितले असेल तरच.

एक किंवा दोघे विवाहित असतील, तर मामला अधिक अवघड होतो. 2018 मध्ये जोसेफ शाइन प्रकरणात व्यभिचाराचे भारतीय दंड संहितेतले जुने कलम 497 रद्द झाले, म्हणून ते आज फौजदारी गुन्हा नाही. मात्र घटस्फोटाचे कारण ते आजही ठरते. खासगी कार्यालयाने यात पंच होऊ नये. कामात पक्षपात झाला, पैशांचा गैरवापर झाला किंवा जबरदस्ती झाली, तर त्यापुरती दखल घ्यावी.

मोडले तर

नाते मोडणे ही तक्रार नव्हे, आणि मोडल्यानंतरचा त्रास हा ‘त्यांचा आपसातला मामला’ नव्हे. ही दोन वाक्ये प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावीत, कारण गोंधळ नेमका येथेच होतो. ‘इतके दिवस बरोबर फिरत होतात, आता तक्रार कसली?’ असे मी समजूतदार माणसांच्या तोंडून ऐकले आहे. काल दिलेली संमती आजच्या कामाला येत नाही. ती नको म्हणत असताना टेबलापाशी घुटमळणे, जुने फोटो दाखवीन म्हणून धमकावणे, तिच्या फाइली अडकवून ठेवणे हा छळ आहे, मग आधी नाते असो वा नसो.

यासाठी कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तिथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष तेथील वरिष्ठ स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतील असतो. समिती नेमली नाही, तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. पॉवरलूमच्या लहान शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला हे कोणी सांगत नाही, म्हणून मी येथे मुद्दाम लिहिते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते.

चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागितल्यास समिती तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, दोघांपैकी एकाची बदली किंवा तिच्या कामाचे मूल्यमापन दुसऱ्याकडे देण्याची शिफारस करू शकते. येथे ‘तिने मागितल्यास’ हे महत्त्वाचे आहे. मी त्या मुलीला न विचारता केलेली बदली या कसोटीवर कोठेच बसली नसती. स्त्रीची इच्छा असेल तर चौकशीआधी समेट करता येतो, परंतु पैसे घेऊन-देऊन समेट करता येत नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. हे कायद्यातच लिहिले आहे. समितीवर बसणाऱ्यांनी प्रेम खरे होते की खोटे याचा निवाडा करत बसू नये, कारण तो त्यांच्यापुढचा प्रश्नच नसतो. नको असलेली वागणूक घडली का, एवढेच पाहावे.

या कायद्यात तक्रार स्त्रीच करू शकते. पुरुष सहकाऱ्याला त्रास झाला, तर त्याचे म्हणणे ऐकण्याची सोय आस्थापनेने स्वतःच्या नियमांत करून ठेवावी. लग्नाचे किंवा बढतीचे खोटे आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवणे हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 खाली दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ती बाब पोलिसांची असते, ती कार्यालयात मिटवू नये.

छळ नसेल, नुसते बिनसलेच असेल, तर दोघांना दोन-तीन आठवडे मोकळीक द्यावी. पाळ्या वेगळ्या कराव्यात, एकत्र काम टाळता येत असेल तर टाळावे, आणि हा बदल दोघांना विचारून, तात्पुरता म्हणून करावा. त्यांनी आपसात एकमेकांचे फोटो आणि पासवर्ड काढून टाकावेत. ‘मिटवून घ्या’ म्हणून दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवू नये. त्यातून मिटलेले मी एकही पाहिले नाही.

नियम लिहिताना आणि निरोप देताना

प्रेमसंबंधांवर सरसकट बंदी घालणारे फलक मी काही ठिकाणी पाहिले आहेत. त्यांनी नाती थांबत नाहीत, फक्त लपतात, आणि लपलेल्या नात्यात दुबळ्या बाजूला तक्रार करता येत नाही, कारण तक्रार म्हणजे बंदी मोडल्याची कबुली ठरते. त्यापेक्षा एक पान पुरते : वरिष्ठाने स्वतः कळवावे, अधिकार वेगळे करावेत, माहिती गुप्त राहील, घरी कळवले जाणार नाही, आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व फोन क्रमांक. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणे कायद्यानेच आवश्यक आहे; पंचिंग मशीनच्या शेजारची भिंत त्यासाठी चांगली, कारण तिथे प्रत्येक जण दिवसातून दोनदा थांबतो.

लग्न झाल्यावर ‘एका घरचे दोघे नकोत’ म्हणून एकाला काढणारी आस्थापना आजही आहेत आणि काढले जाते ते बायकोला. हा नियम टाळावा. किल्ल्या आणि सह्या वेगळ्या केल्या, की त्याची गरज राहत नाही. तरीही कोणी स्वतःहून जायचे ठरवले, तर शेवटच्या दिवशीच पूर्ण हिशेब आणि अनुभव प्रमाणपत्र हातात द्यावे. रेकॉर्ड रूममधून गेलेल्या त्या मुलीला प्रमाणपत्रासाठी आमच्याकडे तीन खेटे घालावे लागले होते. त्यावर पद, कालावधी आणि काम समाधानकारक असल्याची नेहमीची ओळ एवढेच असावे. नोकरी सोडण्याचे कारण तेथे लिहू नये, आणि पुढच्या मालकाचा फोन आला तर तेही तोंडी सांगू नये.